बोटांनी वाचायची मुळं

(दृश्य : काथ्याची दोरी आणि सुई, अगदी जवळून)
मांजरपाटावर काथ्याची दोरी वळतेय. एक कमान, तिला लागून दुसरी, मग तिसरी. ही कांदळाची आधारमुळं. खाडीच्या चिखलात झाड अशाच कमानींवर तोल सांभाळतं. शेजारच्या फलकावर पेन्सिलीसारखी बारीक, सरळ, ती तिवराची श्वासमुळं. तिसऱ्यावर बुडाशी जाड, वर निमुळती : चिप्पीची. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

गावाच्या कांदळवन प्रदर्शनाची ओळख याच तीन आकारांवर उभी आहे. आधी तीन दालनांना तीन हिरव्या छटा ठरल्या होत्या. फोनवर कृष्णधवल फोटो काढला आणि तिन्ही एकसारख्या करड्या दिसल्या. त्यात मागे जांभ्याची तांबडी भिंत. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्या माणसाला तिच्यावरचा हिरवा फलक ओळखणंच अवघड. रंग असू दे, पण खूण आकारानेच पटायला हवी, डोळ्यांना आणि न दिसणाऱ्याच्या बोटांनाही.

दोरी ४ मिमीची. फार बारीक दोरी कापडाच्या विणीत हरवते, जाड दोरी वळणावर मोडते. दोन कमानींत १ सेंमी मोकळं सोडायचं, नाहीतर बोटाखाली नुसता गुंता. नुसत्या गोंदावर भागत नाही. खाऱ्या, दमट हवेत टोकं उचकटतात. म्हणून दर दोन सेंटीमीटरला टाका.

(दृश्य : छपाईची चौकट वर उचलली जाते)
'भरती' हा शब्द नीट पाहा. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीचा. शाई विणीत पसरून फट बुजली की भरतीची 'मरती' होते, धनेशाचा 'घनेश'. त्यामुळे रुंद फटीचा टाइप, घट्ट शाई, आणि रबरी पट्टी एकदाच ओढायची. दुसरा हात मारला की अक्षर फुगलंच. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान २५ मिमी उंच. ओळींतलं अंतर सढळ ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

फ्लेक्स टाळला, कारण दारातलं ऊन त्यावर चकाकतं. पिवळसर मांजरपाटावर काळी शाई स्वच्छ उठते.

(दृश्य : उतरतं मेज, दोरीवर फिरणारे हात)
मेजाखाली ७० सेंमी मोकळे, चाकाच्या खुर्चीतले गुडघे आत जातील एवढे.

प्रदर्शन दोन दिवस चाललं. फलक आता शाळेच्या पडवीत आहेत.