आधी कोरडा हात

(दृश्य : कोकणातली पडवी. विळी, फणस, वाटीत खोबरेल.)

फणस फोडायला बसलेली बाई पाण्याला हात लावत नाही. आधी तेलाची वाटी जवळ ओढते. दोन्ही हातांना आणि विळीच्या पात्याला खोबरेल चोपडते, मगच पहिला घाव घालते. चीक पाण्याला दाद देत नाही, पण तेलापुढे त्याची पकड सुटते. हे तिनं आईला करताना पाहिलेलं असतं. आता आपण ग्रीसनं काळे झालेले हात साफ करणाऱ्या क्रीमच्या डब्याची गोष्ट ऐकणार आहोत. त्या डब्यातलं अर्धं रसायनशास्त्र या वाटीतच आहे.

(दृश्य : महामार्गालगतचं गॅरेज. ट्रकचं मागचं चाक उतरवलंय. कॅमेरा हातांवर.)

हा हात नीट बघा. तळव्यावर ग्रीसचा गोळा आहे. बेअरिंगची कड त्यात दाबायची, ओढायची, पुन्हा दाबायची. दुसऱ्या बाजूनं ग्रीस डोकावेपर्यंत. हे काम हातानंच होतं. मिस्त्री हातमोजे घालत नाहीत, कारण हातमोज्यातून बारीक नटाचा आटा कळत नाही.

ग्रीस म्हणजे नुसतं दाट तेल नव्हे. त्यात 80 ते 90 टक्के तेल असतं आणि ते धरून ठेवायला बहुतेक वेळा असतो साबण. होय, साबणच, पण लिथियमचा किंवा कॅल्शियमचा. त्याच्या सूक्ष्म धाग्यांचं जाळं तयार होतं आणि स्पंजात पाणी मुरावं तसं तेल त्यात मुरून राहतं. आपला अंघोळीचा साबण सोडियमचा. तो पाण्यात विरघळतो. ग्रीसमधला विरघळत नाही. म्हणून तर पावसापाण्यात चाकाचं ग्रीस टिकतं, आणि म्हणूनच हातावरचंही टिकतं.

त्यात भर पडते इंजिनातल्या वापरलेल्या ऑइलची. ते काळं होतं काजळीनं. काजळीचे कण इतके बारीक असतात की तळहाताच्या रेषांत, नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांवर जाऊन बसतात. 1775 साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग आणि त्यांच्या कातडीला चिकटून राहणारी काजळी यांचा संबंध दाखवला. वापरलेलं ऑइल कातडीवर दिवसभर मुरू देणं धोक्याचंच. हात धुणं हा इथे दिसण्याचा प्रश्न नाही.

(दृश्य : संध्याकाळ. पत्र्याच्या डब्यात रॉकेल. त्यात बुडणारे हात.)

मग हात धुतात कशानं? जे हाताशी असेल त्यानं. रॉकेल, डिझेल, कधी थेट पेट्रोल. त्यावर कपड्यांची पावडर आणि मूठभर लाकडाचा भुसा. हाताचं काळं निघतं, यात शंका नाही. पण त्याबरोबर आणखी काहीतरी निघून जातं.

कातडीचा सर्वांत वरचा थर मनगटावर आणि हाताच्या पाठीवर कागदापेक्षाही पातळ असतो. मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी त्याची बांधणी. रॉकेलला चाकाचं ग्रीस आणि कातडीचा गिलावा यांत फरक कळत नाही. ते दोन्ही नेतं. कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त, तर कातडी स्वभावतः किंचित आम्ल. रोज संध्याकाळी हा मारा झाला की हाताची पाठ पांढुरकी पडते, मग भेगा, मग त्या भेगांत पुन्हा ऑइल. गॅरेजमध्ये काही वर्षं काढलेला हात ओळखायला ओळखपत्र लागत नाही.

(दृश्य : रबर कारखान्यांचं शहर, जुनी छायाचित्रं.)

अमेरिकेतलं ॲक्रन हे टायरचं शहर. दुसऱ्या महायुद्धात गोल्डी लिपमन तिथल्या रबर कारखान्यात कामाला होत्या. ग्राफाइट आणि कार्बन ब्लॅक, म्हणजे रबरात घालायची बारीक काजळी, यांनी हात काळे व्हायचे आणि ते काढायला कामगार बेंझिनसारखी घातक द्रावकं वापरायचे. गोल्डी आणि त्यांचे पती जेरी यांनी केंट स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लॅरेन्स कुक यांची मदत घेतली, आणि 1946 साली पाण्याशिवाय हात साफ करणारी क्रीम तयार झाली. पहिले घाणे घरातल्या धुलाईयंत्रात फिरवले आणि माल लोणच्याच्या बरण्यांत भरून विकला. ‘गोजो’ ही कंपनी तिथून सुरू झाली. मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही गरज कारखान्यात स्वतःचे हात काळे करणाऱ्या बाईला कळली.

(दृश्य : छोटी प्रयोगशाळा. दोन काचेची पात्रं. हळूहळू फिरणारा ढवळा.)

आता क्रीम बनताना बघू. जुन्या धाटणीची कृती आहे. एका पात्रात गंध काढलेलं शुद्ध रॉकेल, साधारण तिसरा हिस्सा, आणि त्यात ओलिक आम्ल. हे आम्ल शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं. दुसऱ्या पात्रात पाणी, ग्लिसरीन आणि ट्रायइथॅनॉलअमाइन नावाचा सौम्य अल्कली. दोन्ही द्रव पारदर्शक आहेत. आता एकाची धार दुसऱ्यात सोडायची.

इथे थांबून बघा. धार पडते तिथे पांढरा धूर उठल्यासारखं दिसतं. आम्ल आणि अल्कली भेटतात, जागच्या जागी साबण तयार होतो, आणि तो रॉकेलच्या प्रत्येक थेंबाभोवती कवच धरतो. थोड्या वेळात पात्रात लोण्यासारखी क्रीम.

आता ती कोरड्या हातावर चोळा. कोरड्याच. रॉकेलचे थेंब ग्रीसला भिडतात, त्याचं जाळं सैल करतात, तेल स्वतःत ओढून घेतात. पांढरी क्रीम राखाडी होते, मग काळी, आणि एका क्षणी पातळ होऊन बोटांवरून ओघळू लागते. त्याच क्षणी पुसायचं किंवा पाणी घ्यायचं. पाणी आलं की तो साबण काळं तेल बारीक थेंबांत धरतो आणि घेऊन जातो.

बहुतेक जण उलटं करतात. सवयीनं आधी नळ सोडतात, ओल्या हातावर क्रीम घेतात आणि म्हणतात, हिच्यात दम नाही. पाण्याच्या पापुद्र्यामुळे द्रावक ग्रीसपर्यंत पोचतच नाही, क्रीम वरच्यावर धुऊन जाते.

आता रॉकेलच्या जागी बऱ्याच कृतींत सोयाबीन तेलापासूनचे एस्टर किंवा संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन येतं. संत्र्याची साल ज्योतीजवळ दुमडल्यावर ठिणग्या उडतात ना, ते हेच. ग्रीस छान विरघळवतं, पण हवेत राहिलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ काहींच्या कातडीला ॲलर्जी देतात. म्हणून त्यात ऑक्सिडीकरणरोधक घालावा लागतो आणि डबा घट्ट झाकावा लागतो. ‘नैसर्गिक’ लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

रेषांतली काजळी मात्र नुसत्या द्रावकानं निघत नाही. तिला खरवड लागते. प्यूमिस दगडाची पूड किंवा अक्रोडाच्या कवचाची पूड. कण फार टोकदार नकोत, नाहीतर कातडी सोलवटते, आणि ते डब्याच्या तळाशी बसू नयेत म्हणून क्रीम बेताची घट्ट हवी. मध्यंतरी प्लॅस्टिकचे मणी आले होते. ते गटारातून नदीत जातात. अमेरिकेनं 2015 साली धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांतले असे मणी थांबवणारा कायदा केला. अक्रोडाचं कवच आपल्याकडे आहे, मग प्लॅस्टिक हवंच कशाला?

शेवटी ग्लिसरीन किंवा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा स्निग्ध पदार्थ. बरेच उत्पादक खर्च वाचवायला पहिली कात्री इथेच लावतात. माझ्या मते हाच घटक वाचवायचा नसतो, कारण गिलाव्याची थोडीफार डागडुजी तोच करतो.

(दृश्य : गॅरेज. दुपारची सुट्टी. नवशिका पोरगा हात पुसतोय.)

मिस्त्रींनी पोराला आज रॉकेलच्या डब्याकडे जाऊ दिलं नाही. कोरड्या हातावर क्रीम, मग चिंधी, मग पाणी, मग नखांना ब्रश. नखाच्या कडेला एक बारीक काळी रेघ राहिलीये, ती दोन दिवसांत जाईल.

पोरगा बोटं नाकाशी नेतो. वास घेतो. मग डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडतो.