बेटाचा आडोसा आणि फिरता वारा

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरात बसून शिडाच्या नौकेविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जूनच्या ढगांपेक्षा सप्टेंबरच्या पावसावर अधिक भरवसा ठेवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला आभाळाचे लहरीपण नवे नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटे आहेत. मल, एग, रम, कॅना ही त्यांतली काही. अंतरे थोडी असल्यामुळे, ताशी पाच-सहा सागरी मैल जाणारी लहान नौका बहुधा दिवसाउजेडी पुढच्या बेटाला लागते. खरी परीक्षा असते ती रात्रीच्या मुक्कामाची.

अटलांटिक महासागरावरून कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक येत असतात. असे क्षेत्र बेटांच्या उत्तरेच्या बाजूने पुढे सरकू लागले की वायुभारमापकाचा काटा उतरतो, वारा आग्नेयेकडून किंवा दक्षिणेकडून वाढतो, पाऊस लागतो आणि वारा हळूहळू नैर्ऋत्येला वळतो. पुढे थंड हवेची आघाडी निघून जाताच तो थोड्याच वेळात वायव्येला फिरतो. आभाळ मोकळे होते, दूरचे डोंगर स्वच्छ दिसू लागतात आणि नवख्याला वाटते की संकट टळले. पण पुष्कळदा याच उघडिपीत वाऱ्याचे झोत अधिक जोरकस असतात. संध्याकाळी दक्षिणेच्या डोंगराआड निवांत वाटलेली खाडी उत्तरेकडे उघडी असेल, तर मध्यरात्री तोच किनारा नौकेच्या पाठीशी खडक होऊन उभा राहतो. म्हणून नांगर टाकताना अंगावर येणाऱ्या वाऱ्यापेक्षा पहाटे येऊ घातलेल्या वाऱ्याचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅना आणि सँडे या दोन बेटांमधले बंदर पश्चिमेच्या वाऱ्यात उत्तम आसरा देते, मात्र त्याचे तोंड पूर्वेला आहे. शिवाय तळाशी केल्प नावाचे दाट समुद्री शेवाळ असल्याने नांगर वाळूत रुतण्याऐवजी त्यातच अडकतो आणि जोर येताच घसरतो. तेव्हा इंजिन उलटे चालवून नांगराची पकड तपासल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नये. साखळीचा हिशेबही भरतीच्या पाण्यावर करायचा. उधाणाच्या दिवसांत तेथे पाणी सुमारे ४ मीटर चढते. ओहोटीच्या ४ मीटर पाण्यात पाचपट म्हणून सोडलेली २० मीटर साखळी भरतीला जेमतेम अडीचपट उरते.

या साऱ्यात रेडिओचा वाटा मोठा आहे, हे आकाशवाणीवरून सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १८५९ साली ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडाल्यानंतर ब्रिटिश हवामान खात्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये ब्रिटनच्या बंदरांना तारेने वादळाचे इशारे देणे सुरू केले. आज बीबीसीवरील सागरी हवामान-वृत्तात हेब्रिडीज हा स्वतंत्र विभाग आहे, आणि वादळी वारा ६ तासांच्या आत येणार, ६ ते १२ तासांत येणार की त्यानंतर, हे ठरावीक शब्दांत सांगितले जाते. तो १२ तासांनंतरचा असेल, तर आडोशाची दुसरी खाडी गाठायला सहसा वेळ मिळतो. तो ६ तासांच्या आतला असेल, तर बहुतेक वेळा आहे तेथेच साखळी वाढवून रात्रभर आळीपाळीने पहारा ठेवणे बरे.