दोनच अमायनो आम्लं आणि चॅनल तयार?

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या डिचोलीहून परत एकदा. आज केमिस्ट्री आहे, पण पळू नका, कागद-पेन्सिलीवर भागेल.

पेशीच्या पडद्याचा आतला तेलकट भाग साधारण 3 नॅनोमीटर जाड. सोडियम, पोटॅशियम असले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पाण्यात रमणारे, तेलात शिरणार कुठून, म्हणून पेशी तिथे प्रोटीनची दारं बसवते, तीच आयन चॅनल. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली मानस, ते बांधातलं पाण्याचं दार, बघितलीय ना, भरतीच्या पाण्याच्याच जोराने दारं मिटतात आणि ओहोटीला उघडतात, तशी काही चॅनल पडद्यावरचं व्होल्टेज बदललं की उघडझाप करतात.

पण ही प्रोटीनं अवाढव्य हो, मग त्यातलं खरंच लागतं किती? 1988 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिग्रॅडो आणि सहकाऱ्यांनी फक्त दोन अमायनो आम्लं, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, घेतली, ल्युसीन, जे तेलकट, आणि सेरीन, ज्याचं पाण्याशी जमतं.

हे बघा, लिहितो: ल्यु, सेर, सेर, ल्यु, ल्यु, सेर, ल्यु. हेच सात तीनदा, झाले 21. ह्याची होते हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा पीळ, दर आम्लाला 0.15 नॅनोमीटर चढ, म्हणजे उंची तिनाच्या जरा वर, पडद्यात आरपार बसेल एवढी. आणि दर आम्लाला साधारण 100 अंश वळण. आता हा गोल काढला, पहिलं शून्यावर, दुसरं 100 वर, तिसरं 200 वर, असं करत गेलं की तिन्ही सेरीन 100 ते 200 च्या मधेच येतात, सगळी एका अंगाला! ल्युसीनची बाजू चरबीकडे, सेरीनची आत, अशा काही हेलिक्स गोल उभ्या राहिल्या की मधे पाण्याची वाट तयार.

आता तिसऱ्या जागेवरचं सेरीन खोडतो, तिथे ल्युसीन. सातात एक बदल फक्त. पाणीवाला पट्टा अरुंद झाला, आणि त्या चॅनलमधून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, तेवढे जातात, पोटॅशियम-सोडियम बाहेरच. मला तर ह्या अख्ख्या कामात हेच भारी वाटतं.

कळतं कसं म्हणाल तर टेफ्लॉनच्या पातळ शीटला बारीक भोक, त्यावर लिपिडचा, म्हणजे पडद्यातल्या त्या तेलकट रेणूंचा थर, दोन्हीकडे खारं पाणी आणि इलेक्ट्रोड. पेप्टाइड, म्हणजे अमायनो आम्लांची ती छोटी माळ, टाकलं की स्क्रीनवर विजेच्या प्रवाहाची रेघ सपाट, सपाट, आणि टक्कन एक पायरी वर, परत खाली, म्हणजे एक चॅनल उघडून मिटलं. 1 पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला साठ लाखांवर आयन, बोला!

बाय द वे, कुळागरात मिरीच्या मुळाशी ट्रायकोडर्मा घालतात ना, त्याच बुरशीच्या एका जातीत अ‍ॅलामेथिसिन नावाचं छोटं पेप्टाइड मिळतं, तेही व्होल्टेज दिलं की असंच जमून चॅनल करतं. आणि तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीत तर आरशातल्यासारख्या उलट्या, म्हणजे डी अमायनो आम्लांच्या पेप्टाइडचे पोअर, म्हणजे पडद्यातली भोकं, बनवलेत, हे नेहमीच्या एन्झाइमना सहज तुटत नाहीत.

पण ‘कृत्रिम चॅनल बनवलं’ अशी बातमी आली की मी आधी विचारतो, निवड करतं का ते? भोक पाडणं त्यामानाने सोपं. पोटॅशियमला सोडायचं आणि त्याहून लहान सोडियमला अडवायचं, ही खरी कसोटी. पेशीतलं चॅनल ते कसं करतं हे रॉडरिक मॅकिननच्या टीमने 1998 मध्ये दाखवलं: वाटेत ऑक्सिजन अणू अशा अंतरावर बसलेत की अंगावरचं पाणी सोडून आलेला पोटॅशियम त्यांच्यात चपखल बसतो, सोडियमला मात्र तिथे नीट आधार मिळत नाही. ल्युसीन-सेरीनच्या साध्या जुडीत एवढी नेमकी जागाच नाही, हेलिक्स जरा हलल्या की माप बिघडतं.