भिंत पडली तरी जगणारे जिवाणू

पडद्यावर दिसतोय तो बॅसिलस सबटिलिस. मातीत राहणारा, काडीसारखा लांबट जिवाणू. हा आकार त्याला पेशीभित्तिकेमुळे मिळतो. पेशीच्या आतला दाब सतत बाहेर रेटत असतो आणि भित्तिका तो पेलते. पेनिसिलिन घाव घालतं ते या भिंतीच्या बांधकामावरच. मग पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते.

पण आजूबाजूला साखर असेल तर?

१९५६ साली अमेरिकेत शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी ई. कोलाय जिवाणूंना साखरेच्या द्रावणात पेनिसिलिन दिलं. जिवाणू फुटले नाहीत, गोळे होऊन तग धरून राहिले. पेनिसिलिन काढून घेतल्यावर त्यांनी पुन्हा भिंत बांधली.

अशा भिंत नसलेल्या अवस्थेत जे जिवाणू वाढत राहतात, त्यांना एल-फॉर्म म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एमी क्लीनेबर्गर यांनी १९३५ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं वर्णन केलं. ‘एल’ लिस्टरचा.

बॅसिलसच्या एल-फॉर्मसाठी प्रयोगशाळेत लिटरमागे सुमारे १७० ग्रॅम सुक्रोज घालतात, सोबत थोडं मॅग्नेशियम. बाहेरचं द्रावण इतकं घट्ट झालं, की पाण्याचा आत येण्याचा जोर ओसरतो. भिंतीच्या आतलं नुसतं पातळ पटल तेवढ्यावर निभावून नेतं.

मीठ मात्र जपून घालावं लागतं. पाण्यात त्याचे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण होतात, त्यामुळे साधारण १५ ग्रॅम मीठच १७० ग्रॅम साखरेइतका परासरण दाब, म्हणजे पाणी ओढून धरण्याचा जोर देतं. पण जास्त आयन पेशीच्या कामात अडथळा आणतात. मीठ सोसणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे एल-फॉर्म खारट माध्यमात वाढतात. सगळ्यांना ते झेपत नाही. आणि साखर असो वा मीठ, प्रमाण फार वाढलं की पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि वाढ खुंटते. लोणचं, मुरांबा टिकतात ते याच कारणानं.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं असतं तर चिंता नव्हती. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात क्षार आणि युरियाचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट वाढू शकतं, म्हणजे भिंत नसलेले जिवाणू तिथेही तग धरू शकतात. २०१९ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांना, वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या वृद्ध रुग्णांच्या लघवीत एल-फॉर्म सापडले. नेहमीच्या तपासणीच्या माध्यमात त्यांना तगवणारी साखर नसते. ते तिथे फुटून जातात, आणि अहवालात जिवाणूंची वाढ दिसत नाही.