आतली शिवण

(कॅन्सरच्या रुग्णांसाठी टोप्या विणणाऱ्या कोल्हापुरातल्या आमच्या विणकाम गटात नव्यानं आलेल्यांसमोर केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

पहिली टोपी मी विणली माझ्या धाकट्या जावेसाठी. पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका अडकून पाणी तुंबलं होतं आणि ती हातात तांब्या धरून नुसती उभी होती. त्या रात्री मी ट्रंकेतली जुनी जांभळी लोकर काढली आणि दोन रात्रींत टोपी पुरी केली. तिनं घातली, आरशात बघितलं, माझ्यासाठी हसली. चार दिवसांनी म्हणाली, "वैनी, रागावू नका, पण आतनं टोचतंय ओ."

मी टोपी उलटी करून बघितली. मागची शिवण जरा जाड होती, पण बोटाला काही लागत नव्हतं. मग तिनं मान वळवली. मानेपासून टाळूपर्यंत लाल रेघ उमटली होती.

आज मी त्या रेघेबद्दल बोलणार आहे.

केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, आणि केसांच्या मुळांतल्याही. म्हणून बहुतेकांचे केस दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. उपचार संपले की काही महिन्यांत ते परत येतात. पण गळायच्या दिवसांत डोक्याची कातडी हुळहुळी होते, उशीसुद्धा सोसवत नाही. त्या कातडीवर आपली टोपी बसणार आहे. म्हणून टोचणारी लोकर नको, मोहेर-अंगोरासारख्या केसाळ लोकरीची लव नको. मऊ सुती धागा घ्या, नाहीतर लहान बाळांसाठी मिळतो तो मऊ अ‍ॅक्रिलिक. आपल्याकडं एप्रिलात घामाच्या धारा लागतात, तेव्हा सुतीच बरा. क्रोशानं विणणार असाल तर जाळीदार नक्षीचा मोह आवरा. भोकांतून ऊनही लागतं आणि गारठाही.

टोपी पुरी झाली की बिनवासाच्या साबणानं धुवायची, कडक वाळवायची, नव्या पिशवीत एकेक बंद करायची. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटात अजिबात ठेवायची नाही. माझ्या जावेला त्या दिवसांत फोडणीच्या वासानंही उमळून यायचं. सर्दी-खोकला झाला असेल तर त्या आठवड्यात सुया खाली ठेवा. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधा संसर्गही रुग्णाला महागात पडतो.

आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगते. सुरुवातीला चाळीस टोप्या घेऊन आम्ही एका वॉर्डात गेलो आणि प्रसाद वाटावा तशा वाटत सुटलो. एका म्हाताऱ्या शेतकरी आजोबांच्या तोंडाच्या कॅन्सरवर उपचार चालू होते, डोक्यावर दाट पांढरे केस होते. त्यांनी आपली गांधी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आमची हिरवी टोपी घातली. आम्ही खोलीबाहेर जाईपर्यंत काढली नाही. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. किरणोपचारात तर जिथं किरण देतात तिथलेच जातात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. आता आम्ही नर्सताईंकडं टोपली ठेवून येतो. ज्याला हवी तो हव्या त्या रंगाची उचलतो.

बायकांचं दुखणं यात आणखी वेगळं आहे. आपल्याकडं बाईचं बिनकेसांचं डोकं बघितलं की पोटात कालवतं, कारण केशवपन आपण फार जुनं मागं टाकलेलं नाही. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. एवढा वेळ लागला. माझ्या जावेला घरातल्याच एका बाईनं सांगितलं, "नवरा जिता हाय, अन् हे कसलं दिसतंय, पदर घे." म्हणून मला वाटतं, लपवायला म्हणून टोपी कुणाच्या हातात देऊ नये. थंडी वाजली तर घालावी, एरवी खुंटीला राहू दे. जाऊ सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर तशीच बसायची, उघड्या डोक्यानं, आणि मी शेजारी बसून तिची दुसरी टोपी विणायचे.

ती गोल सुईवर, म्हणजे तारेनं जोडलेल्या दोन सुयांवर, सलग गोल विणली, म्हणजे शिवणच नाही. तीच आज शिकवते. आधी दहा सेंटिमीटरचा तुकडा विणून टाके मोजा. वीस बसले तर शंभर टाके घाला. ताणाशिवाय घेर पन्नास सेंटिमीटर येतो आणि मोठ्या माणसाच्या डोक्यावर ताणून नीट बसतो. टाळूकडं घटवत दहा टाके उरले की दोरा त्यांतून दोनदा ओवून ओढायचा. गाठ मारायची नाही, टोक विणीतच लांबवर ओवून जिरवायचं. मग टोपी उलटी करायची आणि आतली बाजू आपल्या गालावरून फिरवून बघायची.

चला, सुया काढा.