मागच्या रांगेतली मुलं

एका मुलापासून सुरुवात करते. आठवीत होता. पाचवीपासून समूहगीतात पुढच्या रांगेत उभा राहायचा, सुराला पक्का. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आला तो आवाज फुटूनच. जिल्ह्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. गाणं काळी चारच्या पट्टीत बसवलं होतं. मुली तिथे मोकळ्या गात होत्या, आणि हा अंतऱ्याला गेला की आवाज चिरायचा. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ‘‘बाळा, तू उभा राहा, पण नुसते ओठ हलव.’’

तो उभा राहिला, ओठ हलवले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. ढालीबरोबरच्या फोटोत तोही आहे. त्यानंतर तो गाण्याच्या तासाला कधी आला नाही, आणि मीही त्याला बोलवायला गेले नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे बसलेल्या संगीतशिक्षकांपैकी बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलं असेल, नाहीतर लहानपणी ऐकलं असेल. मी आज एस्टोनियाबद्दल बोलणार आहे, ते या वाक्यापायी.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. लोकसंख्या चौदा लाखांच्याही आत. आपल्या एकट्या नाशिक शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. या देशात १८६९ साली तार्तू गावात पहिला गीतमहोत्सव झाला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं, गायला आठशेहून अधिक माणसं जमली होती आणि ते सगळे पुरुष होते. ती प्रथा टिकली, वाढली. आता दर पाचेक वर्षांनी ताल्लिन या राजधानीच्या मैदानावर हा मेळा भरतो. १९६२ पासून शाळकरी आणि तरुण मुलांचा स्वतंत्र महोत्सव सुरू झाला, तो दोन मोठ्या महोत्सवांच्या मधल्या काळात होतो. २०१७ मध्ये या तरुणांच्या महोत्सवाचं नाव होतं ‘मी राहीन’. ज्या देशातली तरुण मुलं कामासाठी बाहेर जातात, तिथल्या मुलांनी हजारोंच्या संख्येने उभं राहून हे म्हणायचं, याला किती अर्थ आहे ते कोकणातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

चित्रीकरण बघितलंत तर डोळे दिपतात. कमानीसारखं प्रचंड व्यासपीठ, १९६० साली बांधलेलं. त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी मुलं, आपापल्या भागातल्या पारंपरिक वेशात. समोर उंचावर एकटा संचालक. गाणं रंगलं की त्याच्या गळ्यात ओकच्या पानांचा हार घालतात आणि पोरं त्याला उचलून हवेत उडवतात. पण मला त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीचं वर्ष महत्त्वाचं वाटतं.

गाणी कितीतरी आधी ठरतात. त्यांच्या स्वरलिपी शाळाशाळांत पोचतात. लहान गावातली वीस मुलं आणि राजधानीतली साठ मुलं, दोघांनाही तीच गाणी, तितकीच अवघड. मग महोत्सवाचे संचालक ठिकठिकाणी जाऊन ऐकतात. तयारी कच्ची असेल तर अख्ख्या वृंदाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो; तिथे लाड नाहीत. पण परीक्षा वृंदाची असते. त्यामुळे शिक्षकाचा हिशेबच बदलतो. आपण पन्नासातून दहा गळे निवडतो, तेच तासतो आणि चाळीस मुलं प्रेक्षकांत बसवतो. तिथे चाळिसांना तयार करण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि आवाज फुटलेली मुलं? त्यांची सोय पद्धतीतच आहे. चिमुकल्यांचा वृंद वेगळा, मुलग्यांचा वेगळा, मुलींचा वेगळा, मोठ्या मुलामुलींचा मिश्र वेगळा. मिश्र वृंदात खालचे स्वर लागतातच. तिथे आवाज उतरलेला मुलगा बाद होत नाही, पुढच्या इयत्तेत जावं तसा तो खालच्या ओळीला जातो.

आता जरा तंत्राचं बोलते, कारण मोठ्या मेळाव्यात आपली फजिती होते ती नेमकी इथे. २६ जानेवारीला मैदानावर पाचशे मुलं गायला लागली की मागच्या रांगा मागे पडतात. आपण ओरडतो, ‘लक्ष कुठे आहे?’ मुलांचं लक्ष असतं हो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पेटीपासून पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या मुलीला सूर सेकंदाच्या सातव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो. ती ऐकून गाते, म्हणजे उशिराच गाणार. तिचं गाणं पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. जलद लयीत एवढ्यात अर्धी मात्रा निघून जाते. त्यावर उपाय एकच, कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा. म्हणून तिथे संचालक इतका उंच उभा असतो. आपल्या मुलांना आपण आयुष्यभर तबल्याचा ठेका ऐकायला शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण मैदानावर नेण्याआधी हात बघून गायला निदान महिनाभर तरी शिकवा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गुस्ताव एर्नेसाक्स नावाचे संगीतकार होते. लिडिया कोइदुला या कवयित्रीच्या ‘माझी मायभूमी हेच माझं प्रेम’ अशा अर्थाच्या कवितेला त्यांनी १९४४ साली चाल लावली. पुढे सोव्हिएत राजवटीला ती खुपायला लागली आणि कार्यक्रमातून वगळली गेली. १९६० च्या महोत्सवात कार्यक्रम संपला, आणि पत्रिकेत नसलेलं ते गाणं गायकांनी आपणहून धरलं. वाद्यं नाहीत, घोषणा नाही. असं गाणं हजारो माणसांना ऐनवेळी धरता येतं, कारण प्रत्येकाला आपली ओळ पाठ असते: वरचीला वरची, खालच्याला खालची. नुसते ओठ हलवायला शिकवलेल्या माणसाच्या घशातून त्या वेळी काय निघालं असतं? १९८८ च्या उन्हाळ्यात याच मैदानावर लोक रात्र रात्र गात राहिले, आणि १९९१ मध्ये देश सोव्हिएत राजवटीतून स्वतंत्र झाला. एर्नेसाक्स आज त्याच मैदानाच्या उतारावर ब्राँझमध्ये बसलेले आहेत.

आपल्याकडे हे नव्हतंच असं नाही. संगीतकार वसंत देसाईंनी शाळांतल्या हजारो मुलांना एकत्र गायला लावलं होतं. आणि त्याच्याही मागे जा. वारकरी भजनात टाळकऱ्याला कोणी पट्टी विचारतं का? बुवा वर जातात, खर्जातला माणूस खाली राहून चाल धरतो. शाहिराच्या मागचे साथीदार, झीलकरी, ‘जी जी’ ओढतात तेव्हा त्यातला प्रत्येक गळा गोड नसतो, पण एक जरी गप्प बसला तरी पोवाडा पडतो. हे सगळं आपण स्पर्धेच्या सात मिनिटांसाठी बाहेर ठेवलं.

यंदा आमच्या आठवीच्या एका तुकडीतली सगळी ५८ मुलं २६ जानेवारीला गाणार आहेत. सातजणांचा आवाज फुटलाय. अंतऱ्यात त्यांना वर चढवायचं नाही. त्यांनी सा आणि खालचा पंचम धरून राहायचं, बाकीच्यांनी त्यावर गायचं. काल तालमीत एकाचा पंचम घसरला. शेजारच्याने मान न वळवता त्याला कोपर मारलं आणि स्वतः थोडं मोठ्याने गायला, तोवर तो पुन्हा जागेवर आला.

आता पेटी इकडे घेते. पुढच्या चार रांगा मुखडा म्हणतील. मागच्या सगळ्यांनी सा धरा. खुर्च्या जरा मागे सरकवा आणि उभे राहा. माझ्या हाताकडे बघा.