वाटेत थांबलेले

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडे नवीन ओळख झाली की दुसराच प्रश्न येतो, ‘मूळ गाव कुठलं?’ ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्कीन यांच्या कथांमधल्या एल्फ नावाच्या अमर लोकांना तो विचारलात, तर सगळे एकच नाव घेतील: कुइविएनेन. दूर पूर्वेकडचं एक तळं. सूर्य-चंद्र तेव्हा नव्हते. एल्फ तिथे ताऱ्यांच्या उजेडात जागे झाले. त्यांच्या मुलांना अंक शिकवायची एक गोष्ट आहे, तिच्यात पहिले एल्फ मोजून 144 होते. गट तीन: 14, 56 आणि 74.

मग देवांकडून निरोप आला, पश्चिमेला या. पहिल्या गटातले एकूण एक निघाले. दुसऱ्यातले निम्मे अडून बसले. ज्यांनी नकार दिला ते अवारी, आणि कथाही त्यांना तिथेच सोडून पुढे जाते. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं.

निघालेल्यांपैकी पहिल्या गटातले वान्यार आणि दुसऱ्यातले नोल्दोर सरळ पोहोचले. खरी गंमत मागून रमतगमत येणाऱ्या तिसऱ्या गटाची, तेलेरींची. अँडुइन नदीपलीकडचे उंच डोंगर पाहून त्यांच्यातले काही नदीकाठाने खालीच वळले. ते नांदोर, म्हणजे माघारी फिरलेले. पुढे उरलेल्या तेलेरींचा राजा एल्वे रानात मेलियान नावाच्या दिव्य स्त्रीला भेटला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, भोवतीची झाडं वाढून उंच झाली, वर्षं गेली! काही जण त्याच्या भावाबरोबर समुद्र ओलांडून गेले. राजाला शोधत राहिले त्यांनी स्वतःला नाव घेतलं एग्लाथ, मागे टाकलेले. जो जिथे थांबला तिथे एक जमात झाली, आणि तिची एक बोली.

टोल्कीन मूळचे भाषांचे अभ्यासक. आधी भाषा रचल्या, त्या बोलणारे लोक नंतर आले, असं ते स्वतः सांगत. म्हणून या कुळकथेत एका अक्षरावरूनही घर फुटतं. नोल्दोरांच्या बोलण्यात जुन्या ‘थ’चा ‘स’ होऊ लागला. राजपुत्र फेआनोरच्या आईला तो खपत नसे. ती गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि फेआनोरला प्रत्येक ‘स’ आईचा अपमान वाटू लागला. ‘पाणी’ आणि ‘पानी’वरून आपण माणसं जोखतो, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

याच फेआनोरने पुढे जहाजांसाठी तेलेरींना कापून काढलं आणि तो पूर्वेला परतला. मागे राहिलेल्या राजाला, आपल्या एल्वेला, हे उशिरा कळलं. मारले गेलेले त्याच्या भावाचे लोक होते. त्याने आपल्या राज्यात नोल्दोरांच्या भाषेवर बंदी घातली. तोवर त्याचं नावही बदललं होतं. नोल्दोर त्याला म्हणत सिंगोल्लो. त्याचे स्वतःचे लोक, ते जंगलात राहिलेले, त्याला हाक मारत ती अजून ‘थ’नेच: थिंगोल.